आधी लग्नाची चौकशी, मग दुखण्याची

महोदय,

पाळीच्या तक्रारीसाठी भाचीला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेले होते. पहिला प्रश्न, ‘लग्न झालंय का?’ तोही बाहेरच्या बाकांपर्यंत ऐकू जाईल असा! पोरगी पुढे बोललीच नाही.

गर्भपाताच्या हक्कात विवाहित-अविवाहित भेद नाही, सज्ञान स्त्रीला घरच्यांची संमती लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच सांगितले. तरी नवऱ्याची सही मागतातच. २०२४ मध्ये तर वैद्यकीय अभ्यासक्रमात समलिंगी संबंध ‘अनैसर्गिक’ म्हणून परतले होते. ओरड झाल्यावर वगळले. आणि समाजसुधारक र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले १९२१ मध्ये, बरं का!

टाके घालण्याची घेता, तशी दार लावून, न जोखता रुग्णाशी बोलण्याचीही प्रात्यक्षिक परीक्षा एमबीबीएसला घ्या.

– एक वाचक, सातारा