खेळातली संसद आणि आबांचं ‘सर्वानुमते मंजूर’

लंडन,
५ ऑक्टोबर २०२५

ती. आई व ती. आबांस सा. न.

मी खुशाल आहे. थंडी सुरू झालीय, स्वेटर घालते, जेवण वेळेवर होतं. बाकी रोजचं फोनवर होतंच, ते पुन्हा लिहीत नाही. हे पत्र दोन कारणांनी. एक, आबांचा परवाचा प्रश्न : ‘एवढं शिकून तू तिकडं पोरांबरोबर कॉम्प्युटरवर खेळतीस होय?’ दुसरं, वहिनींना त्यांच्या शाळेत हाच प्रकार करून बघायचाय. फोनवर आई मध्येच ‘आज काय केलंस खायला’ विचारते आणि विषय भाकरीवर जातो, म्हणून लिहून पाठवते. तिसरी गोष्ट शेवटी आहे. दादानं आधी तिथं उडी मारू नये.

आबा, मी खेळत नाही. खेळाच्या आत सभागृह बांधते, आणि त्यात लोकांनी चालत येऊन बसावं, बोलावं, मत द्यावं याची सोय करते. पगार त्याचाच मिळतो, वेळेवर मिळतो.

आधी इथली एक रीत सांगते. ती कळली नाही तर बाकीचं डोक्यावरून जाईल. आपल्या लोकसभेत मतविभागणी म्हटली की साडेतीन मिनिटं घंटा, मग दारं बंद, आणि जागेवर बसून बटण. आकडा फलकावर. इथं हाउस ऑफ कॉमन्समध्ये बटणच नाही. अध्यक्ष आधी आवाजी कौल घेतात. त्यावर निकाल लागेना झाला की ‘डिव्हिजन’ पुकारतात. इमारतभर घंटा घणघणतात. आसपासच्या काही पबमध्येसुद्धा या घंटा बसवल्यात (हे वाचून कळलेलं आहे, आई). आठ मिनिटांनी दारांना कुलूप. तोवर खासदारांनी उठून चालत जायचं : अध्यक्षांच्या उजव्या हाताचा बोळ ‘होय’वाल्यांचा, डाव्या हाताचा ‘नाही’वाल्यांचा. बोळाच्या टोकाला अरुंद दार, तिथं दोन्ही बाजूंचा एकेक माणूस उभा राहून डोकी मोजतो. २०२० पासून ओळखपत्र यंत्रावर टेकवायची सोय आहे, पण चालणं चुकलेलं नाही. कुणाला तटस्थ असल्याचं दाखवायचं असेल तर तो दोन्ही बोळांतून जातो आणि दोन्हीकडं मोजला जातो! एका मताला पाव तास जातो. कोरोनात काही आठवडे घरून मत देता येत होतं, ते जून २०२० मध्ये बंद केलं आणि खासदारांना अंतर ठेवून लांबलचक रांगेत उभं केलं, पण चालवलंच. सभागृहही मुद्दाम लहान. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात जळालेलं १९५० साली पुन्हा उभं केलं ते तेवढंच : खासदार ६५०, बसायला जागा ४२७. उशिरा येणारा उभा.

हे सगळं चक्रम वाटतं. पण आबा, तुमच्या इतिवृत्ताच्या वह्या आठवा. प्रत्येक ठरावाखाली सूचक अमुक, अनुमोदक तमुक, आणि शेवटी ‘सर्वानुमते मंजूर’. त्या ‘सर्वां’तले निम्मे चहाच्या टपरीवर असायचे हे तुम्हीच सांगायचात. बोळातून चालायला लावलं की हे जमत नाही. उठावं लागतं, एक बाजू धरावी लागते, आणि शेजारचा कुठं चाललाय हे दिसतं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हे चार ओळींत संपतं. पायांनी केलं की राहतं. आभासी जगाचा उपयोग एवढाच आहे, आणि तो थोडाथोडका नाही.

आता वहिनींसाठी.

पहिली अडचण मापाची. माइनक्राफ्ट या खेळात ठोकळ्यावर ठोकळा रचून सगळं बांधायचं असतं, आणि एक ठोकळा म्हणजे एक मीटर. खरं सभागृह १४ मीटर रुंद आणि २०.७ मीटर लांब. तसंच्या तसं बांधलं तर दोन्हीकडं बाकांच्या पाच-पाच रांगा, म्हणजे दहा ठोकळे बाकांतच गेले, मध्ये चार उरले. पाय ठेवायला जागा नाही, मागच्या रांगेतला पोरगा पुढच्याच्या डोक्यावरून उड्या मारत खाली येतो. म्हणून दुप्पट करायचं, २८ बाय ४२. छायाचित्रात बेढब दिसतं, वापरायला बरं.

दुसरी अडचण मोजणीची. बोळाच्या दारात पाय पडला की दबणारी फरशी बसवतात, ती आकडा वाढवते. लाकडी फरशी वापरली तर तिच्यावर टाकलेल्या वस्तूनंही ती दबते. कुणी हातातलं काही तिथं टाकलं की फरशी दबलेलीच राहते आणि मोजणी अडकते. दगडी फरशी फक्त खेळाडू आणि प्राण्यांनी दबते, म्हणून ती घ्यायची. पण प्राणी आपोआप येणं बंद करायला विसरलात तर कोंबडीचं मत धरलं जातं. आणि पोरं फरशीवर उड्या मारून एकाची वीस मतं करतातच. उपाय : मोजलेल्याला खूण लावायची, आणि खूण नसलेल्यालाच फरशीनं धरायचं. घड्याळही खेळातलं नको. खेळाचे सेकंदाला वीस ठोके, म्हणजे आठ मिनिटांचे ९,६०० ठोके; पण संगणक दमला की ठोके मंदावतात आणि आठाची दहा मिनिटं होतात. भिंतीवरचं घड्याळ लावा.

पण वहिनी, तुम्ही माइनक्राफ्टच्या नादी लागू नका, पैसे पडतात. तसंच ठोकळ्यांचं ल्युआंटी नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, २०२४ पर्यंत त्याचं नाव माइनटेस्ट होतं. इंटरनेट लागत नाही. लॅबमधल्या एका संगणकावर सर्व्हर चालवायचा, बाकीच्यांवर त्याचा पत्ता आणि पोर्ट ३०००० टाकायचा. सगळीकडं एकच आवृत्ती टाका, नाहीतर अर्धी मशिनं आत येत नाहीत आणि दोष वायरीला जातो. जुन्या मशिनवर किती लांबचं दिसावं ते चाळीस-पन्नास ठोकळ्यांवर आणा. सर्व्हरच्या मशिनला यूपीएस हवाच. लाईट गेली आणि चर्चा अर्ध्यात तुटली की वर्ग पुन्हा जमत नाही.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट : ल्युआंटीत प्रत्येकाला परवाने असतात. ‘इंटरॅक्ट’ असला तरच बांधता-फोडता येतं, ‘शाउट’ असला तरच चॅटमध्ये लिहिता येतं. सुरुवातीला सगळ्यांचे दोन्ही काढून घ्या. मग जी मुलगी अध्यक्ष असेल तिला ‘बेसिक प्रिव्ह्ज’ हा परवाना द्या. त्यानं तिला एवढे दोनच परवाने वाटता आणि काढता येतात, बाकी काही बिघडवता येत नाही. म्हणजे ती ज्याला ‘शाउट’ देईल तोच बोलणार, वेळ संपली की काढून घेणार. अध्यक्षांनी नाव पुकारल्याशिवाय बोलायचं नाही, ही गोष्ट वर्षभर समजावून कळत नाही, ती इथं दहा मिनिटांत कळते. अध्यक्षानं पक्षपात केला की ओरडा होतो. तो होऊ द्या, खरा धडा तिथंच आहे. मात्र ‘इंटरॅक्ट’ नसला की दारही उघडत नाही, म्हणून बोळांना दारं बसवू नका, नुसत्या कमानी ठेवा. फरशीचा खटाटोपही सोडा. दोन मुलं कमानीशी उभी करून वहीत मोजायला लावा.

वर्ग ४५ चा आणि संगणक १५ असतील तर एका मशिनला तिघं : एक चालवणार, एक लिहिणार, एक टिपणं ठेवणार, आणि ठराव बदलला की जागा बदलायच्या. तिघांचं मिळून एक मत, त्यामुळं ते आधी आपापसात भांडतात, हा फायदाच. एक मशीन अध्यक्षाचं. उरली चौदा, समसमान मतं पडू शकतात. तेव्हाच अध्यक्षानं मत द्यायचं, आपल्या विधानसभेत असतं तसं. पहिली दहा मिनिटं नुसतं भटकू द्या. ती वाचवायला गेलात तर पुढची तीस जातात. खरी नावं नकोत, मतदारसंघाचे आकडे द्या. पाटी-पेन्सिलवालं रूपही तयार ठेवा : दोन खडूच्या रेघा, दोन बोळ. ज्याला पडदा दिसत नाही किंवा कीबोर्ड जमत नाही त्याचं मत बुडता कामा नये.

आणि वेस्टमिन्स्टर, म्हणजे इथली संसद, बांधू नका. ग्रामसभा बांधा, कोरमसकट : मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातली जी संख्या कमी असेल ती. नाहीतर पंचगंगेचा काठ घ्या आणि पूररेषेतल्या बांधकामाचा ठराव ठेवा. चर्चा चालू असताना पाणी चढवता येतं. इथंही मापानं फसायला होतं. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. फरक चार फुटांचा, म्हणजे जेमतेम सव्वा मीटर. एक ठोकळा चढला की इशाऱ्यावरून धोक्यावर, मधलं काही दिसतच नाही. एका मीटरला चार ठोकळे धरा, मग पाणी पायरीपायरीनं चढतं. हा पूर्वानुमान नाही, समजण्यापुरतं चित्र आहे, हे मुलांना आधीच सांगा. नाहीतर कुणीतरी घरी जाऊन ‘आपलं घर बुडणार’ म्हणून आजीला घाबरवतं.

या क्षेत्रात फसगतीही झाल्यात. डेन्मार्कच्या सरकारी नकाशा खात्यानं २०१४ साली अख्खा देश माइनक्राफ्टमध्ये उभा केला आणि लोकांना खुला केला. सुरुंग वापरायला बंदी ठेवली, पण सुरुंग भरलेली खाणगाडी बंद करायची राहिली. महिन्याभरात कुणीतरी त्या गाड्यांनी काही भाग उडवला आणि वर अमेरिकेचे झेंडे रोवले. तोडफोडीचं एवढं काही नाही, ती दुरुस्त होते. रिकामेपण दुरुस्त होत नाही. जानेवारी २००७ मध्ये अमेरिकी काँग्रेसचे सदस्य जॉर्ज मिलर सेकंड लाइफ नावाच्या आभासी जगातल्या संसदभवनात अवतरले, त्याच वर्षी मे महिन्यात स्वीडननं तिथं दूतावास काढला. उद्घाटनाला गर्दी. पण रोज तिथं येऊन उत्तर देणारं कुणी नसेल तर माणूस एकदा येतो, भिंती बघतो, जातो. ऑफिस उघडं आणि टेबलामागं कुणी नाही, हे आपल्याला नवीन आहे का?

उलट उदाहरण यूएन-हॅबिटॅटचं, म्हणजे शहरं-वस्त्यांचं काम बघणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेचं. २०१२ पासून त्यांनी माइनक्राफ्ट बनवणाऱ्या कंपनीबरोबर मैदानं, चौक, मोकळ्या जागा तिथल्याच रहिवाशांकडून खेळात मांडून घेतल्या; नैरोबीच्या किबेरा वस्तीत केलं, मुंबईतही केलं. तिथं मांडलेलं पुढं खऱ्या जमिनीवर न्यायचं आधीच ठरलेलं होतं, म्हणून लोक टिकले. इथल्या संसदेच्या अर्जांचंही तसंच : दहा हजार सह्या झाल्या की सरकार उत्तर देतं, एक लाख झाल्या की चर्चेसाठी विचार होतो. म्हणून आमच्या सत्राच्या शेवटी सभागृहातून बाहेर पडायच्या वाटेवर खऱ्या अर्जाची पाटी असते. वहिनी, तुमच्या मुलांचा ठराव कुणाच्या टेबलावर जाणार ते आधी ठरवा. ग्रामपंचायतीनं पोच देईन म्हटलं तरी पुरे. आणि हे मत खरं मत नव्हे, हेही फळ्यावर लिहून ठेवा.

आबा, आता तुमचा दुसरा प्रश्न : ‘तिकडच्या मतदार यादीत नाव घातलंस, म्हणजे आपलं नागरिकत्व सोडलंस का?’ तसं होत नाही. राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिक इथं रीतसर राहत असतील तर त्यांना संसदेच्या निवडणुकीत मत आहे. पासपोर्ट भारताचाच आहे, कपाटात आहे, तुम्ही म्हणाल तेव्हा कॅमेऱ्यासमोर धरते. आपल्याकडचं नावही सहा-अ नंबरचा फॉर्म भरून परदेशस्थ मतदार म्हणून ठेवता येतं, पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन केंद्रावर स्वतः उभं राहावं लागतं. ७ मे २०२४ ला तुम्ही दोघं उन्हात रांगेत होतात. दोनच महिन्यांनी, ४ जुलैला, मी इथं मत दिलं. हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं, आत्ता सांगते.

पैसे : या महिन्यात नेहमीपेक्षा थोडे कमी येतील, भाडं वाढलंय. काळजीचं काही नाही. त्यातून आधी आईच्या डोळ्यांचं करून घ्या, माडीच्या पत्र्याचं पावसाळ्याआधी बघू. ‘दिसतंय की मला’ हे उत्तर चालणार नाही. दिवाळीला येणं जमत नाही, तिकिटाचे दर बघून बसले होते. आकाशकंदील दादानं लावावा, मी व्हिडिओवर बघीन.

आणि दादा, इचलकरंजीच्या स्थळाबद्दल. मुलगा चांगला असेल, मी नाही म्हणत नाही. पण मावशीकडं बैठक झाली, तू सूचक, मावशी अनुमोदक, आणि आबांनी खाली नेहमीची ओळ लिहून टाकली असं वहिनींकडून कळलं. माझं डोकं मोजलेलं नाही. आधी त्याचा नंबर पाठवा, दोन-चार वेळा बोलू दे, मग विचारा.

वहिनींना नमस्कार, छोट्याला पापा.

तुमची,
बेबी

ता. क. : चटणीचं पार्सल पोचलं, एक पुडी फुटली होती. तरी पुढच्या वेळी दोन जास्त घाला.