अण्णांच्या तोंडी घातलेलं वाक्य

चि. मिहीर,
अनेक आशीर्वाद.

माझ्या वडिलांच्या, आपल्या अण्णांच्या पुण्यतिथीला तू एआयकडून त्यांचा चेहरा आणि आवाज तयार करून घरच्या ग्रुपवर टाकलेली क्लिप मी पुन्हा पुन्हा पाहिली. "आवडली ना?" असं तू फोनवर विचारलंस, तेव्हा "सविस्तर लिहिते" एवढंच मी म्हणाले आणि तू हिरमुसलास, ते मला कळलं. पण इथे कुकरच्या शिट्ट्या, तिकडे तुझी ऑफिसची घाई, अशात बोलण्यासारखं ते नव्हतं.

मान जराशी डावीकडे कलती करून बोलण्याची अण्णांची लकब, तपकिरीने घोगरा झालेला आवाज, वाक्य संपलं की "काय?" म्हणून थांबणं, हे सगळं तू कुठून कुठून गोळा केलंस. मामा ढसाढसा रडला. मीही रडले. त्यामागची तुझी माया मला दिसते, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्या क्लिपमध्ये अण्णा म्हणतात, "आर्मस्ट्राँग माझ्यापासून दहा फुटांवरून गेला आणि माझ्याकडे बघून हसला." मिहीर, अण्णा हे वाक्य आयुष्यात कधी बोलले नाहीत.

ते काय सांगायचे ते इथे लिहून ठेवते. माणसाने चंद्रावर पाऊल ठेवलं तेव्हा आपल्याकडे 21 जुलै 1969ची सोमवारची सकाळ होती. मुंबईत टीव्ही यायला अजून तीन वर्षं होती, दूरदर्शनचं मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972ला सुरू झालं. लालबागच्या आमच्या चाळीत जे कळलं ते रेडिओवरून आणि पेपरातून. मग त्याच वर्षी आर्मस्ट्राँग आणि त्याच्यासोबतचे दोघे, असे ते तिघे अंतराळवीर जगाच्या दौऱ्यावर निघाले आणि 26 ऑक्टोबरला मुंबईत आले. रविवार होता. अण्णा शेजारच्या दत्तूकाकांना घेऊन बघायला गेले. पुढे कुणीही विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "माणसांच्या डोक्यांवरून एक हात हलताना दिसला. तिघांपैकी कुणाचा ते माहीत नाही." मी हट्ट करायचे, आर्मस्ट्राँगचाच होता म्हणा ना. ते म्हणायचे, "दिसला तेवढा सांगितला." गिरणीत टाइमकीपर होते ते. जो आला त्याचीच हजेरी लावायची, ही सवय त्यांनी घरीही सोडली नाही.

तू म्हणालास, मजकूर एआयने लिहिला, तू फक्त थोडा रंगवलास. नेमक्या त्या रंगवलेल्या जागी माझ्या वडिलांचा स्वभाव पुसला गेला. हात दिसला असं सांगणारा माणूस आणि हसला असं सांगणारा माणूस, हे दोन वेगळे आहेत रे.

ती क्लिप पाहताना मला आठवली ती न्यूयॉर्कमधली एक खोली. 2022च्या वसंतात मी ताईकडे होते, तेव्हा ती मला क्वीन्समधल्या अस्टोरियाला, म्युझियम ऑफ द मूव्हिंग इमेजमध्ये घेऊन गेली होती. तिथे डीपफेकवर, म्हणजे संगणकाने बनवलेल्या बनावट चित्रफितींवर, प्रदर्शन चालू होतं. त्यात 1969 सालचा एका अमेरिकन घराचा दिवाणखाना उभा केला होता. जुन्या पद्धतीचं सामान, समोर जुना टीव्ही. ताई त्याला 'इमर्सिव्ह' म्हणत होती. म्हणजे नाटक लांबून खुर्चीतून बघायचं नाही, त्या घरात जाऊन बसायचं, त्या घरचं होऊन. फ्रान्सेस्का पनेटा आणि हाल्सी बरगंड या दोघांनी अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत ते तयार केलं होतं. नाव 'इन इव्हेंट ऑफ मून डिझास्टर', म्हणजे चंद्रावर काही विपरीत घडलंच तर. पहिल्यांदा ते 2019च्या नोव्हेंबरात अ‍ॅमस्टरडॅमच्या माहितीपट महोत्सवात दाखवलं गेलं.

टीव्हीवर अपोलो 11ची चंद्रमोहीम चालू होती. यान निघालं, चंद्राजवळ पोचलं, आणि मग काहीतरी बिनसलं. थोड्या वेळाने पडद्यावर राष्ट्राध्यक्ष निक्सन आले. हातात कागद, चेहरा उतरलेला. चंद्रावर गेलेले दोघे आता परत येण्याची आशा नाही, हे ते देशाला सांगू लागले. मी इतकी वर्षं जाणते की ते परत आले. माझ्या वडिलांनी त्या तिघांपैकी एकाचा हात लालबागवरून जाऊन बघितला होता! तरी माझ्या पोटात गोळा आला. शेजारी एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, त्यांनी तोंडावर हात घेतला होता.

ते कसं केलंय हे ताईने मला नंतर बाहेर बाकावर बसून समजावून सांगितलं, आणि तुला सांगायचं आहे ते हेच. भाषणाचा मजकूर खरा होता. निक्सनसाठी भाषणं लिहिणाऱ्या विल्यम सफायर यांनी यान उतरण्याआधी, 18 जुलै 1969ला, तो लिहून ठेवला होता. न जाणो दोघे तिथेच अडकले तर. त्या कागदात पुढच्या सूचनाही आहेत. भाषणाआधी राष्ट्राध्यक्षांनी त्या दोघांच्या बायकांना फोन करावा. 'होऊ घातलेल्या विधवा' असं तिथे लिहिलंय. संपर्क कायमचा तोडताना धर्मगुरूने समुद्रात अंत्यविधी करतात तसा विधी करावा. दोघे सुखरूप आले, कागद दप्तरात गेला आणि निक्सननी तो कधीच वाचला नाही. खोलीतल्या टीव्हीवर तो वाचला एका नटाने, आणि संगणकाने त्याचा आवाज निक्सनचा करून दिला. चित्र होतं 8 ऑगस्ट 1974चं, निक्सननी राजीनामा जाहीर केला त्या रात्रीचं. डोळे, हात, कागद उलटणं, सगळं त्यांचं स्वतःचं. फक्त ओठांची हालचाल नव्या शब्दांना जुळवली होती. चेहऱ्यावरचं दुःख खरंच होतं, पण ते दुसऱ्याच गोष्टीचं होतं. आणि यान कोसळल्याचा जो भास झाला, त्यासाठी तर खऱ्या चित्रफितींचीच कापाकापी केली होती. एवढ्या सगळ्यात नव्याने बनवलेलं काय, तर आवाज आणि ओठ.

मी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नोकरी केली, म्हणून ही गोष्ट माझ्या मनात जास्त बसली असेल. आम्ही नक्कल देताना मूळ कागदाशी अक्षर अन् अक्षर ताडून बघायचो, एक वाचायचा, दुसरा डोळा ठेवायचा. मग 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल' असा शिक्का, तारीख, सही. मोडीतल्या एखाद्या जुन्या फेरफारात वाळवीने नाव खाल्लेलं असायचं. पुढच्या मागच्या नोंदी बघून ते नाव काय असणार हे आम्हाला नव्वद टक्के कळायचं. तरी ती जागा कोरी सोडून 'मूळ कागद फाटलेला' असंच लिहायचं. त्या कोऱ्या जागेवर उद्या दोन भावांचा दावा उभा राहणार असतो. ती आपण भरली तर कोर्टात आपलं अनुमान त्यांच्या आजोबाचं म्हणणं होऊन बसतं.

घरातल्या आठवणींना कोण कोर्टात नेतंय, असं तू म्हणशील. मनवाने मला परवा व्हिडिओ कॉलवर काय विचारलं माहितीये? "आजी, आर्मस्ट्राँग पणजोबांकडे बघून हसला, तेव्हा तू पण होतीस का?" सहा वर्षांची आहे ती. अण्णांना तिने पाहिलेलंही नाही. तिच्यासाठी अण्णा म्हणजे ती क्लिप.

मोठ्या माणसांचंही तसंच होतं. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी 2002 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वीस मोठी माणसं घेतली, त्यांच्या घरून लहानपणीचे फोटो मागवले, आणि त्यातला एक फोटो बनावट करून त्यांना गरम हवेच्या फुग्यात बसवलं. ती माणसं कधीच फुग्यात बसली नव्हती. तीन मुलाखती होईपर्यंत निम्म्यांना त्या सफरीचं थोडंफार तरी काही 'आठवलं'. त्यांना कुणी दटावलं नव्हतं. फोटो घरचा, चेहरा आपला, मग उरलेलं मनाने भरून काढलं. माझी भीती हीच आहे, मिहीर. पाच वर्षांनी मामाच शपथेवर सांगेल की अण्णा हसण्याची गोष्ट सांगायचे. कदाचित मीही सांगेन.

तू क्लिपखाली 'एआयने तयार केली आहे' असं लिहिलं होतंस, तेही मी वाचलं. पण ती क्लिप मला दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरून परत आली, आणि तुझी ती ओळ वाटेत गळून गेली होती. वर कुणीतरी लिहिलं होतं, "अण्णांचं जुनं रेकॉर्डिंग सापडलं, केवढं भाग्य!" खाली हात जोडलेल्यांची रांग. मी तिथे खुलासा टाकला. तो किती जणांनी वाचला असेल कोण जाणे.

ओळ गळली की काय होतं हे आपण शेजारच्या जिल्ह्यात पाहिलंय. तुझी क्लिप आणि ते मी एका पारड्यात घालत नाही, तसं मनात आणू नकोस. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. 2018 साली देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. मूळ चित्रफीत कराचीतली, मुलांना जपा असं आईबापांना सांगण्यासाठी केलेली. तिच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि एक फलक उघडून दाखवतात. तेवढा शेवट कुणीतरी कापला. मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अशा अफवा मोबाइलवरून गावोगाव पसरल्या होत्या. त्या वर्षी 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याच्या आठवडी बाजारात, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं. बहुतेक जण मंगळवेढ्याकडचे. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं त्यांना. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने पुढे पाठवलेल्या संदेशावर 'फॉरवर्डेड' अशी खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. खूण आली, पण शेवटचा फलक कुणी कापला ते ती खूण सांगत नाही.

म्हणून आता माझं म्हणणं ऐक. क्लिप पुसून टाक असं मी म्हणत नाही. मामाला ती हवी आहे, त्याच्याकडून ती काढून घेणं मला जमणार नाही. पण आर्मस्ट्राँगचं वाक्य काढ. त्या जागी अण्णांचं खरं वाक्य, वर लिहिलंय तेच, शब्दही न बदलता घाल. आणि 'हा आवाज आणि चेहरा संगणकाने तयार केला आहे' ही ओळ चित्रातच, पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत दिसेल अशी बसव. खाली वेगळी लिहिलेली ओळ गळते, चित्रात बसवलेली सहज गळत नाही. नवी क्लिप टाकताना जुनी चुकीची होती असं ग्रुपवर स्पष्ट लिही, कोल्हापूरच्यांनाही पाठव. मनवाला मी स्वतः सांगेन.

दुसरं, माझ्या लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात, मामाच्या लग्नाची एक कॅसेट आहे. पाहुण्यांच्या गलबल्यात मध्येच अण्णा बोलतात, कुणाला तरी पंगत वाढायला सांगतात, खोकतात. चंद्राबिंद्राचं काही नाही त्यात. ती दिवाळीला आलास की घेऊन जा आणि पूर्ण उतरवून घे, गलबला साफ करू नकोस. मूळ फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवू नकोस. पेन ड्राइव्हवर दोन प्रती कर आणि फाइलच्या नावात कोण, कुठे, कधी ते लिही. वर्ष मला नक्की माहीत आहे, पत्रिका जपून ठेवली आहे.

आणि दत्तूकाका अजून आहेत. डोंबिवलीला मुलीकडे असतात, ऐकू कमी येतं पण बोलतात स्वच्छ. त्या रविवारी अण्णांच्या शेजारी उभा असलेला तेवढा एकच माणूस आता उरलाय. एखाद्या शनिवारी जाऊन ये. फोन समोर ठेवून रेकॉर्ड कर, आधी त्यांना विचार. कसे गेलात, कुठे उभे होतात, काय दिसलं, एवढंच विचार आणि मध्ये बोलू नकोस. आमच्या घरातली गोष्ट त्यांना आधी ऐकवू नकोस, त्यांचं त्यांना सांगू दे. हात दिसला म्हणाले तर हात, काहीच दिसलं नाही म्हणाले तर तसं. अण्णांच्या सांगण्याशी जुळलं नाही तरी दोन्ही ठेवायचं.

जाताना त्यांना चितळ्यांची बाकरवडी नको नेऊस, दात नाहीत. पेढे ने. दुपारी दोन ते चार झोपतात, त्याआधी पोच.

तुझी,
आई