आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र : स्कॅनचा नियम लिहून देणाऱ्याच्या टेबलावर हवा

माननीय आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

सीटी, एमआरआय गरज असेल तरच लिहावा हा नियम हवाच, मी स्वतः रेडिओलॉजिस्ट आहे आणि रोज बघतोय म्हणून सांगतो. फक्त तो पाळायची सक्ती कुणावर करताय ते आधी नीट ठरवा.

आमच्याकडे फॉर्म येतो त्यावर 'एमआरआय कंबर, दुखतंय' एवढंच असतं. किती दिवस दुखतंय, पायातली ताकद कमी झालीय का, लघवीवरचा ताबा गेलाय का, आधी कॅन्सर झालेला का, ताप येतो का, काही म्हणजे काही नाही. यातलं काही असेल तर थांबून चालत नाही, आणि नसेल तर साध्या कंबरदुखीला आधी सहाएक आठवडे औषधं-व्यायाम करून बघायचे असतात, बहुतेकांना तेवढ्यात फरक पडतो. पेशंट गाऊन घालून बसलेला, आम्ही डॉक्टरांना फोन लावतोय, ते ओपीडीत अडकलेले, शेवटी स्कॅन होऊनच जातो. त्या क्षणी पेशंटला परत पाठवायचं धाडस कोण करणार?

सीटीत तर रेडिएशन पण आलं. छातीच्या एक्स-रेला साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं एकक), छातीच्या साध्या सीटीला ७ च्या आसपास. लहान मुलांच्या बाबतीत तर हा विचार दहादा व्हायला हवा, आणि जुना रिपोर्ट सापडत नाही म्हणून परत सीटी काढतात तेव्हा खरंच वाईट वाटतं.

अमेरिकेत २०१४ ला कायदा झाला, मेडिकेअरच्या (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या) पेशंटला असे स्कॅन लिहिण्याआधी डॉक्टरांनी ठरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये स्कॅन कधी योग्य याचे निकष बघायचे. पण बघितले नाहीत तर पैसे अडणार स्कॅन करणाऱ्याचे! २०२० पासून नुसती ट्रायल चालली, विम्याच्या क्लेममधून हे तपासणं काही जमेना, आणि २०२४ पासून सगळं थांबवलं. ती चूक आपण करू नका.

ऑर्डर टाकतानाच कारण, किती दिवसांचा त्रास आणि आधीचे स्कॅन भरल्याशिवाय ती पुढे जाऊ नये, निकष तिथेच स्क्रीनवर दिसावेत, निकषाबाहेर जायचं असेल तर डॉक्टरांनी एका ओळीत का ते लिहावं, कारण प्रत्येक पेशंट निकषात बसत नाही. ऑडिट लिहून देणाऱ्यांचं करा, आणि आधी त्यांना त्यांचेच आकडे दाखवा, दंडाचं नंतर बघू. इमर्जन्सीला मात्र पूर्ण सूट द्या, अपघाताच्या पेशंटसाठी कुणी फॉर्म भरत बसायला नको.

आपला,
एक रेडिओलॉजिस्ट