सुमीस पत्र: हापशाचा ओटा

प्रिय सुमे,

मी बरी आहे, आईची साखर आटोक्यात आहे. बाकी तब्येतीचं सांगण्यासारखं काही नाही.

अनुदानाचा पहिला हप्ता आला. फोनच करणार होते, पण तू मधे मधे बोलतेस आणि मला हे सलग सांगायचंय. अर्ज तू वाचला होतास: वाडीच्या शाळेची पश्चिमेची भिंत, जात्यावरच्या ओव्यांवरून मोठं चित्र. परवा रेखाटनं घेऊन गेले. बायकांनी एकेक कागद हातात घेऊन निवांत बघितला. मग थोरल्या आक्का म्हणाल्या, "चित्र झ्याक हाय बाई. पर हापशापाशी वटा बांधून द्याल का? चिखलातनं भरला हंडा उचलून डोस्क्यावर घ्यायचा म्हंजी कंबर जाती."

मला आधी शिल्पकार नवज्योतबाई (अल्ताफ) आठवल्या आणि लगोलग तू. कँटीनमधलं ते भांडण! त्यांच्या 'नळपार'चे, म्हणजे बस्तरातल्या त्या हातपंपांच्या कामाचे फोटो बघून तू म्हणालीस, "हे पीडब्ल्यूडीचं काम, शिल्प कसलं?" मी अबोला धरला, आणि तू माझ्याच पैशांनी वडापाव आणून तो मोडलास. वडापावावर भागलं, मुद्दा तसाच राहिला.

तो आता सोडव. आपल्याच जे.जे.त शिकलेली बाई, सत्तरच्या दशकात चळवळीची पोस्टरं करणारी, मुंबईतलं नाव मागे ठेवून बस्तरातल्या कोंडागावला जाते. तेव्हा बस्तर मध्य प्रदेशातच होतं. शांतीबाई, राजकुमार, गेस्सुराम या तिथल्या कलाकारांबरोबर वर्षानुवर्षं काम करते. त्याच्या बुडाशीही अनुदानच होतं, बंगळूरच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सचं. आणि त्यातून उभं काय राहिलं? हातपंपाभोवतीची जागा. हंडा डोक्यावर घेण्याआधी मधे टेकवता येईल असा कोनाडा, सांडपाण्याला वाट, बायकांना घटकाभर कुणाच्या नजरेविना उभं राहता येईल अशा भिंती, आणि त्या भिंतींवर त्यांच्या ओळखीच्या खुणा. कोनाडा किती उंच, हे बाईचं शरीर बघून ठरवायचं. यापेक्षा कडक मानवाकृतीचा अभ्यास आपल्याला कुणी शिकवला, सांग ना.

अनुदानवाले म्हणतात, अर्जात भित्तिचित्र आहे, बदल हवा तर लेखी कारण द्या. दुसरा हप्ता त्यानंतर. कारण मी देईन. भिंतीचा फोटो लांबून झकास येतो, ओट्याचा येणार नाही, हेही त्यांना सांगेन. खरी झोप उडालीय ती वेगळ्याच गोष्टीनं.

वरच्या आळीतल्या बायका आधी भरतात. खालच्या वस्तीतल्या लांब उभ्या राहतात, त्यांच्या कळश्या सगळ्यांत शेवटी. हे कुणी बोलून दाखवत नाही, सगळ्यांना पाठ आहे. मी एकाच बाजूनं चढायचा ओटा बांधला, तर तो क्रम सिमेंटात पक्का होईल, आणि माझ्या हातानं. चहूबाजूंनी उघडा ठेवला, कोनाडे गोल फिरवले, तर पहिली कोण हे ओटा तरी ठरवणार नाही. पण मग आडोसा जातो, आणि आडोसा त्यांनी स्वतः मागितलाय. सरपंचांना हे काढलं तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही कलाकार, यात कशाला पडता?" सुमे, कला इथेच तर आहे! कुठली बाजू उघडी, कुठली बंद, कुणाची पाठ कुणाकडे. मातीचं मॉडेल करून मोडतेय, पुन्हा करतेय. भिंतीच्या चित्रात मला असा पेच कधी पडला नव्हता.

ओव्या मी सोडणार नाही. कोनाड्यांच्या आतल्या बाजूला, हंडा ठेवताना नजर जाईल तिथे, बायका ओल्या गिलाव्यात स्वतः रेखतील.

तुझ्या लेकीला दहावीबद्दल शाब्बासकी दे, पेढे पाठव. नव्या जागेचे कागद झाले का? भाऊजींच्या बदलीचं कळव.

आणि आता कामाचं. तुझ्या ऑफिसातल्या कुणाला तरी विचार: गोल ओट्याला उतार किती ठेवला तर पाणी साचणार नाही आणि ओल्या पायानं बाई घसरणारही नाही? वर घासलेला कोबा की खडबडीत शहाबादी? पुढच्या गुरुवारी गवंडी आणि सगळ्याजणी, दोन्हीकडच्या, शाळेत बसणार आहेत. त्याआधी लिही. आणि हे शिल्प नव्हेच असं अजून वाटत असेल, तर तेही कारणांसकट लिही.

तुझी,
मंदा