निवृत्तीची भेट : झाड देण्याआधी खिडकी पाहा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख असलेली मोठी पिढी आपल्याकडे आहे. त्यामुळे सरकारी कार्यालयांत ३१ मेला निरोप समारंभांची गर्दी होते. 'साहेबांना झाडांची आवड आहे' म्हणून शाल-श्रीफळासोबत झाड देण्याची पद्धत आता रुळली आहे, आणि ती चांगलीच आहे. पण दिलं काय जातं? बोन्साय, नाहीतर भोक नसलेल्या चकचकीत सिरॅमिकच्या कुंडीतलं शोभेचं रोप. बोन्सायच्या ट्रेमध्ये माती जेमतेम दोन-तीन इंच असते. उन्हाळ्यात तिला रोज, कधी दिवसातून दोनदा पाणी लागतं, आणि निवृत्तीनंतर माणूस आधी गावी किंवा मुलांकडे जाऊन येतो. भोक नसलेल्या कुंडीत याच्या उलट होतं : तळाशी पाणी साचून मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात, आणि पिवळं पान पाहून आपण आणखी पाणी घालतो. मेलेल्या झाडाचं दुःख मात्र ज्यांचा सत्कार झाला त्यांच्या वाट्याला येतं. म्हणून वर्गणी काढणाऱ्यांसाठी काही गोष्टी लिहीत आहोत.

पहिली चौकशी आवडीची नको, उन्हाची करा. घरच्या मंडळींकडून खिडकीचे किंवा बाल्कनीचे सकाळी ९, दुपारी १ आणि ४ वाजताचे मोबाइलवर काढलेले फोटो मागवा. चार-पाच तास थेट ऊन असेल तर मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, मिरची यांतलं काहीही द्या. दोन-तीन तासच असेल तर पुदिना, पानओवा, अळू. थेट ऊन येतच नसेल तर मनी प्लांट किंवा स्नेक प्लांट. तिथे मोगरा देऊ नये, नुसती पानं येत राहतील. दक्षिणेच्या खिडकीबद्दल मात्र सावध राहा. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे त्या काळात या खिडकीत ऊन जवळपास येत नाही. डिसेंबरात तीच खिडकी उन्हाने भरून जाते. मे महिन्यातल्या फोटोवरून तिला सावलीची ठरवू नका.

दुसरी गोष्ट वजनाची. बारा इंची कुंडीत साधारण १५ लिटर माती मावते. नुसती लाल माती भरली तर पाणी घातल्यावर तिचं वजन २५ किलोच्या आसपास जातं. साठीच्या माणसाने ती सरकवायची कशी? समुद्राच्या हवेने गंजलेल्या ग्रिलच्या बोल्टवर अशा चार कुंड्यांचा भार तर नकोच. म्हणून मातीचं मिश्रण तयार करून देणं ही आमच्या मते सर्वांत उपयोगी भेट आहे. दोन बारा इंची कुंड्यांसाठी प्रमाण असं : लाल माती १२ लिटर, गांडूळखत ९ लिटर, भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ९ लिटर आणि निंबोळी पेंड १०० ग्रॅम. कोकोपीटची ६५० ग्रॅमची एक वीट चार लिटर पाण्यात फुगून साधारण नऊ लिटर होते. ती भिजवल्यावर घट्ट पिळून, पुन्हा साध्या पाण्यात धुऊन घ्यावी. कोकोपीटमध्ये क्षार राहिले तर पानांची टोकं करपतात, आणि दोष खताला दिला जातो. या मिश्रणाची कुंडी ओली असतानाही १६-१७ किलोंच्या पुढे जात नाही. तळाशी खडीचा थर घालण्याची सवय सोडावी. खडीने निचरा वाढत नाही, उलट ओल तिच्या वरच्या मातीत, मुळांपाशीच अडून राहते. भोकावर खापरीचा तुकडा किंवा नायलॉनची जाळी पुरते.

अवजारांचा रंगीत खेळण्यासारखा संच घेऊ नका. पत्र्याचं खुरपं पहिल्याच घट्ट मातीत वाकतं. त्याच पैशांत एक चांगलं सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची कात्री घ्या. दोन पाती कात्रीसारखी एकमेकींवरून सरकणारं, साधारण आठ इंची, म्हणजे ओली फांदी चिरडत नाही. दुकानात ते निवृत्त होणाऱ्यांच्या हाताच्या मापाच्या कुणाला तरी धरायला द्या. स्प्रिंग फार ताठ असेल तर बोटांचे सांधे दुखणाऱ्या माणसाकडून ते वापरलं जात नाही. आपल्या दमट हवेत पात्यांवर गंज लवकर चढतो, म्हणून सोबत मशीनच्या तेलाची लहान बाटली द्यावी. काम झालं की पुसून एक थेंब. झारी दोन-तीन लिटरची पुरे. पाच लिटरची भरलेली झारी मनगटावर येते.

कुंडीखालचा ट्रे कुंडीपेक्षा दोन इंच मोठा हवा, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर थेंब पडतात आणि भांडण ठरलेलं. पण ट्रेमध्ये पाणी साठू देऊ नये. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात साधारण आठ-दहा दिवसांत तयार होतो, म्हणून आठवड्यातून एकदा ट्रे रिकामा करून आतून घासून कोरडा करावा. नुसतं पाणी ओतून दिलं तर कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात.

गावी जाणाऱ्यांसाठी फार खर्च न करता देता येईल अशी वस्तू म्हणजे झाकणाची बादली आणि नायलॉनची जाड दोरी. झाकणाला दोरीपुरतं भोक पाडावं. दोरीचं एक टोक बादलीच्या तळापर्यंत सोडावं, दुसरं कुंडीच्या मातीत चार इंच खोल खुपसावं. बादलीतलं पाणी मातीच्या पातळीपेक्षा फार खाली नको, दोरी तितकं वर चढवत नाही. सुती दोरी काही आठवड्यांत कुजते. निघण्याआधी तीन-चार दिवस ही व्यवस्था चालवून पाहावी. कुंडी कोरडी पडत असेल तर दुसरी दोरी जोडावी.

बियाणं द्यायचं तर पाकिटावरची चाचणीची तारीख आणि मुदत पाहा, आणि हंगाम पाहा. मे-जूनच्या निवृत्तीला भेंडी, चवळी, काकडी. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या निवृत्तीला मेथी, पालक, मुळा. दहा-बारा पाकिटांचा संच आकर्षक दिसतो, पण खिडकीत दोनच भाज्यांना जागा असते.

समारंभात व्यासपीठावर फक्त सिकेटर आणि मिश्रणाचं प्रमाण लिहिलेलं कार्ड द्या. माती, खत, कुंड्या हे सगळं पुढच्या रविवारी घरी पोहोचवा आणि कार्यालयातल्या दोन तरुण सहकाऱ्यांनी जाऊन कुंड्या जागेवर ठेवूनच भराव्यात, म्हणजे भरलेल्या कुंड्या उचलाव्या लागणार नाहीत. निवृत्ती ३१ मेची असेल तर रोप त्या दिवशी आणूच नका. पाऊस स्थिरावल्यावर, जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्यांच्याबरोबर रोपवाटिकेत जाऊन त्यांच्या पसंतीचं रोप घ्या. पिशवीच्या तळातून मुळं गुंडाळून बाहेर आलेलं किंवा पानांच्या मागे पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण असलेलं रोप मात्र घेऊ नका, दुकानदाराने कितीही कमी किंमत सांगितली तरी.

आपले,
सोसायटीच्या गच्चीवर बाग करणारे काही वाचक, मुलुंड (पूर्व)