को. म्हणजे कोइमतूर : निरोपाच्या अकरा वह्या देणाऱ्या आबांना

आदरणीय आबा,
सविनय नमस्कार.

हे पत्र सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड लिहिते आहे, पण तुमचं नाव आणि गावाचं नाव त्यात नाही. ती तुमचीच अट होती आणि ती मोडायची नाही. विटा-खानापूरकडच्या काही लोकांना वाचता वाचता कळेल. त्यांनी ते आपल्यापाशीच ठेवावं.

गेल्या वर्षी जुलैत आम्ही तुमच्या गावात आलो ते बासष्ट प्रश्नांची प्रश्नावली घेऊन. एम.ए.ची नऊ मुलं-मुली आणि मी. विषय होता गलाई कुटुंबांचं स्थलांतर. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत, शेजारचे खटाव-माण हा सगळा पर्जन्यछायेतला पट्टा. इथली माणसं दोन-तीन पिढ्या सोनं-चांदी गाळायच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यासाठी देशभर गेली. बाजारपेठेच्या कुठल्याही मोठ्या गावात सराफकट्ट्याच्या मागच्या बोळात भट्टी दिसली, तर तिथं आपल्या भागातलं माणूस भेटण्याची शक्यता फार. सांगली जिल्ह्यात राहून समाजशास्त्र शिकवणाऱ्या विभागानं हा विषय इतकी वर्षं बाजूला ठेवला होता, याची मला खंत होती.

पण त्या तीन दिवसांत दारं उघडली नाहीत. चहा मिळाला, पाणी मिळालं, उत्तरं मिळाली नाहीत. "मालक घरी न्हाईत" एवढंच. सोन्याच्या धंद्याबद्दल कागद घेऊन विचारायला येणारं माणूस करखात्याचं तरी असणार नाहीतर पोलिसांचं, असं लोकांना वाटलं. त्यात त्यांची काही चूक नव्हती. मोडीत आलेलं सोनं चोरीचं निघालं म्हणून जुन्या भारतीय दंड संहितेच्या ४११ कलमाखाली परराज्यात पकडला गेलेला माणूस जवळजवळ प्रत्येक भावकीला माहीत असतो. आमच्या प्रश्नावलीत मात्र अठरावा प्रश्न होता, 'व्यवसायातील मासिक उत्पन्न किती?'

तिसऱ्या दिवशी उन्हाचं तुमच्या दुकानाच्या फळीवर बसलो होतो. तुम्ही म्हणालात, "ह्यातला एखादा प्रश्न मलाबी इचारा की." आमच्या एका मुलीनं वाचला, "स्थलांतरानंतर कुटुंबाशी संपर्काची वारंवारता किती?" तुम्ही तो पुन्हा वाचायला लावलात. मग नातवाला माळ्यावर चढवलंत आणि पत्र्याची पेटी खाली आली. त्यात अकरा वह्या होत्या. लाल कापडाच्या पाठीच्या, किराणा दुकानात रोजमेळाला वापरतात तशा. १९९१ ते २००४ या वर्षांत तुमच्या एसटीडी बूथवर आलेल्या-गेलेल्या निरोपांच्या.

आज मोबाइल हातात घेऊन जन्मलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना आधी हे समजावून सांगावं लागलं, की एसटीडी बूथ म्हणजे पैसे देऊन परगावी फोन लावायची जागा. १९८४ साली सी-डॉट ही टेलिफोन-तंत्राची सरकारी संस्था निघाली, धूळ आणि उकाडा सोसणारी, वातानुकूलन न लागणारी छोटी एक्स्चेंज तिनं बनवली आणि फोन खेड्यांपर्यंत आला. बूथ देताना अपंगांना प्राधान्य असायचं, म्हणून पोलिओनं अधू झालेल्या पायाच्या तुम्हाला तो मिळाला. रात्री उशिरा दर पाव व्हायचा, म्हणून तुमचा बूथ रात्री जागायचा. परगावाहून फोन आला, की तुम्ही निरोप वहीत लिहायचात आणि पोराला पिटाळायचात. इकडून तिकडे जाणारे निरोपही लिहायचात, म्हणजे उद्या कुणी 'कळवलंच नाही' म्हणायला नको. तारीख, वेळ, गाव, कुणाचा, कुणाला, काय, आणि शेवटी पोचल्याची खूण.

वह्या आमच्या हातात देताना तुम्ही म्हणालात, "वही माझी हाय. त्यातलं बोलणं माझं न्हाई." मी पंधरा वर्षं संशोधनपद्धती शिकवते. सहभागींची संमती, गोपनीयता, यावर दरवर्षी चार तास घेते. तुमच्या त्या एका वाक्यानं मुलांना जे कळलं ते माझ्या चार तासांत कळत नव्हतं. तुमच्या सांगण्यावरून आम्ही घरोघर गेलो, या वेळी प्रश्न न घेता. ज्या घरचे निरोप, त्या घराला वाचून दाखवायचे आणि मग विचारायचं, हे वापरू का? तुम्ही तीनचाकी घेऊन पहिल्या आळीत स्वतः आलात. काही घरांनी नको म्हटलं. त्यांच्या ओळींवर आम्ही कागद चिकटवून मगच पानांचे फोटो काढले. एका घरी भावाभावांतल्या पैशाचे निरोप होते. धाकट्यानं हो म्हटलं, थोरल्यानं नको. आम्ही त्या ओळी सोडल्या. अभ्यासाच्या दृष्टीनं त्या फार मोलाच्या होत्या, हे इथं लिहून ठेवते, म्हणजे मुलांनी काय सोडलं ते कळेल.

आणि मग ते 'को.'. तुमच्या वहीत गावांची नावं आद्याक्षरात आहेत. मुलांनी तीन दिवस खपून नकाशा काढला. त्यात कोल्हापूर सगळ्यांत ठळक आलं. "जवळच्या शहराकडे स्थलांतर" असा निष्कर्षही एकानं लिहून टाकला होता. तुम्ही नकाशा बघून म्हणालात, "कोल्हापूरचं माणूस फोन कशाला करंल? यष्टीनं यील की." को. म्हणजे कोइमतूर. तो कागद मी विभागाच्या भिंतीवर लावून ठेवला आहे, दुरुस्तीसकट. नवीन तुकडीला पहिल्या तासाला तोच दाखवते.

पण सगळ्यांत जास्त आभार मला मानायचे आहेत ते गोलासाठी.

पोचलेल्या निरोपापुढे तुम्ही बरोबरची खूण करायचात. काही खुणांभोवती गोल होता. मुलांनी तो 'तातडीचा निरोप' म्हणून नोंदवला. त्यातले बरेच निरोप 'तब्येत जास्त आहे, लगेच निघा' असे, म्हणून ते 'आजारपण' या गटात गेले. ऑगस्टमधल्या एका दुपारी तक्ता तुमच्यापुढे ठेवला तेव्हा तुम्ही बराच वेळ बोलला नाहीत. मग सांगितलंत, की मरणाचा निरोप फोनवर कुणी मरण म्हणून सांगत नाही. दीड-दोन दिवसांचा प्रवास करून यायचं असतं माणसाला, वाटेत त्याला धीर राहायला हवा. म्हणून 'तब्येत जास्त'. आणि गोल म्हणजे हा निरोप पोराच्या हाती दिला नाही, मी स्वतः गेलो.

आम्ही सगळे गप्प होतो. तुम्ही तीनचाकीवरून, रात्री, वाटेवर दिवा नसताना गेला असाल. अकरा वह्यांत असे किती गोल आहेत ते मुलांनी मोजलं होतं. तो आकडा तुम्हाला सांगायचं धाडस त्या दिवशी कुणाला झालं नाही. तो मी इथंही लिहीत नाही. त्या रात्री त्यांनी 'आजारपण' हा सगळा गट पुन्हा नव्यानं बांधला.

१९१८ ते १९२० मध्ये थॉमस आणि झ्नानिएत्स्की या दोघांनी अमेरिकेत गेलेल्या पोलिश शेतकऱ्यांचा पाच खंडी अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचा मोठा आधार होता घरच्यांची आणि परदेशी गेलेल्यांची पत्रं. हे आम्ही वर्षानुवर्षं वर्गात सांगतो. आपल्याकडची पत्रं कुठं आहेत, हे मात्र कधी शोधलं नव्हतं. आपल्याकडचं पत्र आठ शब्दांचं होतं आणि ते तुमच्या माळ्यावर होतं.

सातारा जिल्ह्यातल्या सुगाववर हेमलता दांडेकर यांचा अभ्यास १९८६ साली आला. पुरुष मुंबईला आणि बायका गावात, या व्यवस्थेत बाईच्या वाट्याला काय येतं याबद्दलचा. तो वाचलेल्या एका विद्यार्थिनीनं तुमच्या वह्या फक्त बायकांसाठी वाचल्या. सुरुवातीच्या वह्यांत निरोप सासूच्या नावानं येतो, नाहीतर 'अमक्याची मालकीण' म्हणून. पुढे पुढे 'विहिरीचं काय झालं', 'बँकेत टाकलेत, काढून घे', 'म्हैस विकू नको' असे निरोप थेट बाईच्या नावानं येऊ लागतात. तिनं तुम्हाला विचारलं, हे तुम्ही ठरवून बदललंत का? तुम्ही म्हणालात, "फोनवाला ज्याचं नाव घील ते मी लिवायचो." तेवढ्या उत्तरावर तिच्या प्रबंधिकेचा एक सबंध भाग उभा आहे. घर कोण चालवतं हे सरकारी कागदावर बदलायच्या आधी कोइमतूरच्या फोनवर बदललं होतं, असं तिचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं.

वर्गातही एक गोष्ट झाली. जतकडचा एक मुलगा दोन वर्षं मागच्या बाकावर न बोलता बसायचा. वह्यांत 'तेजाब संपलं', 'मुशी पाठवा' असं येऊ लागलं आणि बाकीच्यांना अर्थ लागेना, तेव्हा तो उठून फळ्यापाशी आला. त्याचे वडील तीस वर्षं गलाई करतात हे आम्हाला तेव्हा कळलं. त्यानं सगळी रीत सांगितली. मोडीच्या सोन्यात तिप्पट चांदी मिसळून मुशीत वितळवायची, त्याचा पातळ पत्रा करायचा, तो तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात उकळायचा. चांदी विरघळून जाते, खाली सोनं तपकिरी भुकटीसारखं राहतं. ते धुऊन टाकणखार घालून पुन्हा आटवलं, की पिवळं होतं. तांबूस धूर निघतो तो छातीत जातो, हेही त्यानं सांगितलं, आणि वडिलांच्या खोकल्याचं सांगितलं. आता गलाई कामगारांच्या श्वसनाच्या तक्रारींवर तोच काम करतो आहे.

कोइमतूरच्या महाविद्यालयातल्या समाजकार्य विभागाशी आमचं जे काम जुळलं, त्याचं मूळही वहीतच. आम्ही पत्ता नसलेल्या बोळांची नावं पाठवली, त्यांच्या विद्यार्थ्यांनी ती शोधली. तिथल्या मुलाखती तमिळ, हिंदी आणि मराठी अशा तिन्हींत झाल्या, कारण तिथं वाढलेली मुलं आपापसांत तमिळ बोलतात आणि आजीशी फोनवर माणदेशी मराठी. तिथल्या प्राध्यापक बाई जानेवारीत तुमच्या गावी आल्या, तेव्हा तुम्ही त्यांना विचारलंत, "सेठ इरुक्कांगळा?" दुकानातलं तमिळ पोर फोन उचलायचं, तेव्हा सेठ आहेत का हे विचारण्यासाठी तुम्ही शिकलेलं वाक्य. बाई आधी थक्क झाल्या, मग हसू लागल्या, मग तुमच्याशेजारी फळीवर बसल्या आणि संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत.

एका आजींबद्दल लिहायला त्यांनीच परवानगी दिली आहे. त्यांच्या मालकांचा १९९६च्या पावसाळ्यात दर आठवड्याला एकच निरोप आहे, 'पाऊस झाला का'. मालक आता नाहीत. आमच्या एका विद्यार्थिनीनं ते वाचून दाखवलं तेव्हा आजी म्हणाल्या, "आनि काय न्हाई?" आणखी काही नव्हतं. त्यांनी त्या पानाची झेरॉक्स मागून घेतली.

तुम्ही मला परत परत विचारता, "टेंभूचं पानी आलं. आता पोरं माघारी येत्याल का, तेवढं बघून सांगा." टेंभू योजनेतून, कऱ्हाडजवळ कृष्णेतून उचललेलं पाणी खानापूर-आटपाडीच्या माळावर आल्यावर द्राक्षं, डाळिंब, ऊस दिसू लागला, हे खरं. पण भट्टी विकून कोण परत आलं आणि कुणाची मुलं तिकडचीच झाली, हे घरोघर गेल्याशिवाय कळणार नाही. पुढच्या तुकडीचा विषय हाच ठेवला आहे. प्रश्न तुमच्या शब्दांत लिहिला आहे, बदललेला नाही.

या कामाचा पहिला लेख पूर्ण होतो आहे. त्यात तुमचे आभार 'निरोप लिहून ठेवणारे' एवढ्याच शब्दांत आहेत, तुम्ही सांगितलंत तसे. ते मला पुरेसे वाटले नाहीत, म्हणून हे पत्र.

शनिवारी सकाळी विट्याहून दहाच्या एसटीनं येतो आहोत. अकराही वह्या सोबत आहेत. चौथीची शिवण सुटली होती, ती एका मुलाच्या आईनं दोऱ्यानं घातली आहे. पानं कापलेली नाहीत. शेवटच्या वहीतली निम्मी पानं तशीच कोरी आहेत.

आपली,
विभागातली एक शिक्षिका