जुन्या कॅम्परचे ‘मूळ’ सामान

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या कॅम्पर व्हॅनच्या (आत झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाड्यांच्या) शौकाविषयी आलेला लेख आवडला; मात्र जुन्या बाजारात मिळेल ते साठ-सत्तरच्या दशकातले सामान आणून बसवले की गाडी मूळ रूपात येते, असा जो सूर त्यात उमटला आहे, तो दुरुस्त व्हायला हवा. अशा अनेक कॅम्पर ज्यांच्यावर बेतल्या, त्या फोक्सवॅगनच्या टाइप २ व्हॅन १९५६ पासून ज्या हॅनोव्हर शहरात तयार होऊ लागल्या, तिथेच मी नोकरीनिमित्त राहतो आणि माझ्याकडे १९७२ च्या मॉडेलची, वेस्टफालिया कारखान्याने आतले सामान बसवलेली कॅम्पर आहे, म्हणून हे चार शब्द.

सामान जुने असणे वेगळे आणि ते त्याच गाडीचे असणे वेगळे. शोधाची सुरुवात बाजारात नव्हे, गाडीतच करावी लागते. पुढच्या आसनांच्या मागे आकड्यांच्या ओळी ठोकलेली एक छोटी पत्र्याची पट्टी असते. जाणकार तिला एम-प्लेट म्हणतात. गाडी केव्हा बनली, कुठे पाठवायची होती, रंग कोणता होता आणि कारखान्यातून कोणत्या जादा सोयी घेऊन ती बाहेर पडली, हे त्या आकड्यांवरून उलगडते.

फोक्सवॅगनचे मॉडेल वर्ष आधीच्या ऑगस्टपासून सुरू होई; म्हणजे १९७२ चे मॉडेल ऑगस्ट १९७१ पासून बनू लागले. ऑगस्ट १९७१ मध्ये मागचे दिवे मोठे झाले, तर १९७२ च्या ऑगस्टमध्ये पुढचे इंडिकेटर हेडलाइटच्या खालून वर, हवेच्या जाळीच्या दोन्ही कडांना गेले. त्यामुळे याच पिढीच्या गाडीचा अगदी अस्सल दिवासुद्धा आपल्या गाडीला परका ठरू शकतो. सुट्या भागाची पाठ बघण्याची सवय लावून घ्यावी, ती याचसाठी. व्हीडीओ कंपनीच्या स्पीडोमीटरच्या पाठीवर महिना आणि वर्ष छापलेले असते. माझ्या गाडीला ११.७१ हा शिक्का शोभतो, ३.७५ नव्हे. विक्रेता पाठीचा फोटो पाठवायला टाळाटाळ करू लागला, की काय ते समजावे.

आतल्या सामानाचे त्रांगडे याहून मोठे आहे. वीडेनब्रुकच्या वेस्टफालिया कारखान्याने १९५१ मध्ये काढता-घालता येणारा ‘कॅम्पिंग बॉक्स’ आणला आणि पुढे कपाटे, टेबले, तंबू यांच्या रचना वारंवार बदलत गेल्या. इंग्लंडमध्ये सिडमथची डेव्हन आणि फोकस्टनची डॉर्मोबाइल या कंपन्या त्याच गाड्यांत आपापल्या धाटणीचे फर्निचर बसवीत. डेव्हनचे कपाट कितीही देखणे असले, तरी वेस्टफालियात ते उपरेच. सर्वांत जिकिरीचा शोध बाजूला जोडायच्या तंबूचा. त्याचे कॅनव्हास घडीवर कुजते, चेन अडकते आणि नळ्यांचा सांगाडा बहुधा केव्हाच भंगारात गेलेला असतो. कापड फाटके पण सांगाडा पूर्ण, असा तंबू मिळाला तर तो बिनदिक्कत घ्यावा. कापड नवे शिवून घेता येते, नेमक्या मापाच्या नळ्या आणि सांधे करून मिळणे कठीण. अशी चीज मोठ्या व्यापाऱ्यापेक्षा घरची अडगळ काढणाऱ्याकडे, किंवा मानहाइमच्या व्हेटेरामासारख्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात भल्या सकाळी गेल्यास हाती लागते. (चोर बाजारात हिंडलेल्या मुंबईकरांना हे सांगायला नको.)

नव्याने बनवलेली नक्कल वापरण्यात गैर काही नाही. तीच नक्कल मुद्दाम मळवून मूळ म्हणून विकणे गैर आहे. जर्मनीत किमान ३० वर्षे जुन्या गाडीला ‘एच’ (ऐतिहासिक वाहनाची) क्रमांकपट्टी देताना तपासनीस काही बदल मान्य करतात, पण ते गाडीच्या पहिल्या १० वर्षांत झालेले किंवा तेव्हा होऊ शकणारे असावे लागतात. भारतातही २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीच्या व्हिंटेज नोंदणीसाठी चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. पुण्या-मुंबईच्या हौशी मालकांनी सामान घेण्यापूर्वी तरी ती वाचावी.

गॅसच्या बाबतीत मात्र मूळचा आग्रह धरू नये. शेगडी त्या काळची ठेवावी. नळी आणि रेग्युलेटर नवेच बसवावेत व जोडणी जाणकार तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावी. जुने रबर वाळून तडकते आणि तडा नळी क्लिपखाली दबते तिथे असला, तर क्लिप काढल्याशिवाय तो दिसत नाही.

– एक वाचक, हॅनोव्हर (जर्मनी)